शांत पेशंट

अपघात विभागात सिस्टर म्हणून अठरा वर्षं काढली, पण त्या दुपारी आला तसा राग मला आधी कधी आला नव्हता.

स्ट्रेचरवर एक म्हातारे शिंपीकाका होते. स्टुलावरून पडून खुब्याचं हाड मोडलेलं, सोबत लेक. काका इतके घाबरले होते की श्वास धड आत जात नव्हता. नाडी एकशे अठरा. दुखणं थांबवायचं इंजेक्शन डॉक्टरांच्या सहीशिवाय देता येत नाही, आणि डॉक्टर एक, पेशंट बावीस.

मी ॲक्युप्रेशर शिकलेय. काकांचा हात हातात घेतला आणि अंगठा व तर्जनी यांच्यामधली जागा दाबून धरली. तिथली कातडी कात्री चालवून चालवून टणक झाली होती. मग दोन भुवयांच्या मधोमध बोट टेकवून हळूहळू फिरवत राहिले.

"काका, माझ्याबरोबर श्वास सोडा. घाई नाही."

"पाय कापतील का हो?"

"नाही हो, सळई घालतील. कापाकापी तुमच्या दुकानात."

ते कण्हता कण्हता हसले. दहा मिनिटांत नाडी शहाण्णववर आली. लेकीनं इतका वेळ घट्ट धरलेली पिशवी खाली ठेवली.

तेवढ्यात डॉक्टर आले. लांबूनच बघून म्हणाले, "हे शांत आहेत. यांना थांबू द्या, आधी पलीकडचे घेतो."

पलीकडे मनगट मुरगळलेला एक धडधाकट गडी वॉर्ड डोक्यावर घेत होता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "डॉक्टर, यांची भीती कमी झालीय, हाड मोडलेलंच आहे. दुखणं दहापैकी आठ होतं, आता सहा आहे."

"तुमच्या अंगठ्यानं भागतंय ना? मग दाबत बसा."

"अंगठा औषधाच्या जोडीला असतो, औषधाऐवजी नाही."

मी केसपेपरवर वेळ आणि आकडे लिहिले आणि कागद त्यांच्यापुढे धरला. "इंजेक्शन लिहून द्या. नाहीतर देत नाही असं लिहून सही करा."

त्यांनी माझ्याकडे न बघता इंजेक्शन लिहिलं. काकांना येऊन तोवर पन्नास मिनिटं झाली होती.

दुसऱ्या दिवशी मेट्रननं बोलावलं. "ॲक्युप्रेशर बंद करा. त्यानं पेशंटची खरी अवस्था झाकली जाते, अशी डॉक्टरांची तक्रार आहे."

"झाकली जात नाही मॅडम. कागदावर लिहिलेली असते, कुणी वाचत नाही."

तरी बंदी आलीच. पुढचे अकरा दिवस हाताची घडी घालून मी माणसांना थरथरताना पाहिलं.

मग काकांच्या लेकीनं इंजेक्शनला झालेल्या उशिराची लेखी तक्रार दिली. केसपेपरवरच्या वेळा तिनं जशाच्या तशा उतरवल्या होत्या. बंदी उठली. आता दर पेशंटच्या कागदावर दुखण्याचा आकडा लिहावाच लागतो, आणि तो सहा किंवा त्याहून जास्त असेल तर डॉक्टरांना वीस मिनिटांत यावं लागतं.

काका काठी घेऊन चालतात, असं लेक सांगून गेली. डॉक्टर माझ्याशी अजून बोलत नाहीत. त्यानं माझं काही अडत नाही. पण मुकाट्यानं सोसणाऱ्या माणसासाठी एवढं भांडावं लागलं, हे अजून मनातून जात नाही.