थंडीची पावडर

धाकटा दीर फाटकातून आत आला तेव्हा थोरली ओट्याशी उभी होती, आणि तिनं मुद्दाम वळून पाहिलं नाही. या माणसाला मी घरात पाऊल टाकू देणार नाही, असं ती तीन वर्षं येईल-जाईल त्याला सांगत आली होती. आज तोच दीर ड्रिल, पाण्याचे कॅन आणि पावडरच्या पिशव्या घेऊन मागच्या अंगणात चालला होता. बरं, त्याला बोलावणं धाडणारा दुसरा कुणी नव्हता, तिचाच नवरा होता. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

निमित्त होतं एका दगडाचं. मागच्या उतारावरून खोलीएवढा धोंडा घसरत आला होता आणि स्वयंपाकघराच्या भिंतीपासून दोन हातांवर येऊन थांबला होता. सुरुंग लावला असता तर दगडाबरोबर भिंतही गेली असती. यंत्रानं ठोकून फोडावा, तर नुसत्या हादऱ्यानं तो आणखी पुढं सरकायची भीती. अशा जागी एकच उपाय असतो. दगडाला रांगेनं खोल भोकं पाडायची, त्यात पाण्यात कालवलेली पावडर ओतायची आणि गप्प बसायचं. पावडर भोकात घट्ट होते, फुगत जाते आणि दिवसभरात दगडाला आतून रेटून रेटून फोडते. ना धूर, ना आवाज. हे काम आसपास दोनच माणसांना नीट येत होतं. एक थोरला आणि दुसरा त्याचा धाकटा भाऊ. त्यातल्या थोरल्याला आता दिसत नव्हतं.

ते कसं झालं हे थोरलीनं सगळ्यांना इतक्यांदा सांगितलं होतं की ऐकणाऱ्यांना पाठ झालं होतं. दोघं भाऊ एका बंद गिरणीचा काँक्रीटचा पाया फोडत होते. धाकट्यानं पावडर कालवली, धाकट्यानंच ओतली. थोरल्यानं घाम पुसायला कामाचा जाड चष्मा कपाळावर सरकवला होता. तो ताडपत्री ओढायला वाकला आणि भोकातली पावडर बंदुकीच्या गोळीसारखी वर उडाली. दोन्ही डोळे गेले. "पावडर दोन जातींची असते," ती सांगायची. "गरमीची मंद असते, थंडीची तापट. भर उन्हात थंडीची पावडर भरली की ती भोकात उकळते आणि उडते. शेंबड्या पोरालाही कळतं हे. आमच्या भावजींना तेवढं कळलं नाही."

धाकट्यानं यावर कधी उलट शब्द काढला नव्हता. तिच्या दृष्टीनं हाच कबुलीजबाब होता.

सकाळभर ड्रिलचा आवाज घुमत राहिला. थोरला अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला खुर्चीत बसून ऐकत होता. धाकट्यानं त्यालाही चष्मा घालायला लावला होता.

"आता आठवला हो चष्मा!" थोरली खिडकीतून म्हणाली. "तेव्हा झोपला होतात का?"

धाकटा भोक पाडत राहिला.

"अगं, काम करू दे त्याला," थोरला म्हणाला.

"करू दे की. त्यांच्या कामाचं फळ मी रोज हाताला धरून फिरवतेच आहे."

असं बोलल्यावर तिला बरं वाटायचं. खोटं कशाला बोला, तीन वर्षं ती याच बरं वाटण्यावर तगली होती. नवऱ्याला न्हाऊ घालताना, त्याच्या शर्टाची बटणं लावताना, रात्री तो भिंती चाचपडत उठला की त्याच्यामागं धावताना, तिचा जीव मेटाकुटीला यायचा. मग ती दिराला चार शिव्या हासडायची आणि पुन्हा कामाला लागायची.

दुपारी दगड तापला. धाकट्यानं त्यावर ओली पोती टाकली आणि सावली फिरेपर्यंत तो नुसता बसून राहिला. ऊन कललं तेव्हा त्यानं दगडावर हात ठेवून पाहिला आणि नवी पिशवी उघडायला घेतली. तेवढ्यात थोरली कोठीतून पत्र्याचे दोन डबे घेऊन आली आणि तिनं ते त्याच्यापुढं आपटले.

"हे आधी संपवा. तीन वर्षं माझी जागा अडवून बसलेत."

दोघं भाऊ एकत्र काम करत तेव्हा कोठी तिच्या ताब्यात असायची. फाटक्या पिशवीतल्या पावडरला ओल लागते, म्हणून ती उरलेली पावडर डब्यांत भरून ठेवी आणि झाकणाखाली प्लास्टिक लावून ते घट्ट दाबून बसवी. लाल झाकण गरमीच्या पावडरला, निळं थंडीच्या. तिच्या डब्यात मुंगी शिरायची नाही, हे थोरला कौतुकानं सांगत असे.

"नको," धाकटा म्हणाला. "बंद पिशवीशिवाय मी काही वापरत नाही."

"का? माझ्या डब्यांना काय धाड भरली?"

"काही नाही."

"भीती वाटते ना? हात कापतात?"

त्यानं पाणी मोजून ओतलं, पावडर कालवली आणि भराभरा एकेक भोक भरत गेला. शेवटचं भोक भरून त्यानं सगळ्यावर ताडपत्री टाकली, कडेनं दगड ठेवले आणि लांब येऊन हात धुतले. ती तिथंच कमरेवर हात ठेवून उभी होती.

"दुसऱ्याचे डोळे घालवताना हात चालतो," ती म्हणाली, "आणि तोंड तेवढं चालत नाही. निदान चुकलं म्हणायची तरी लाज असावी माणसाला."

धाकट्यानं हात पुसले. "वहिनी, दोन जुने वाडगे आणा."

"नको," खुर्चीतून थोरला ओरडला. "तू शब्द दिला होतास मला!"

"गप्प बस, दादा."

कसला शब्द, हे तिला कळेना. पण नवऱ्याचा आवाज असा चिरकलेला तिनं कधी ऐकला नव्हता. ती वाडगे घेऊन आली. धाकट्यानं तिला चष्मा आणि हातमोजे दिले. "तुम्हीच घाला पावडर. उद्या म्हणाल, मी बदलली. दोन्ही डब्यांतली एकेक पळी, वर थोडं गार पाणी. आणि मागं सरा."

तिनं तोंड वाकडं करत सगळं केलं. प्लास्टिक अजून घट्ट होतं, पावडर पिठासारखी कोरडी होती. तेवढ्यातही तिला स्वतःचा अभिमान वाटला.

दहा मिनिटं गेली. मग एका वाडग्यातून वाफ यायला लागली. तिनं मोजा काढून वाडग्याला बाहेरून बोट लावलं आणि चटकन मागं घेतलं. दुसऱ्याला लावलं. तो गार होता.

तापलेला वाडगा लाल झाकणाच्या डब्यातला होता.

"लाल म्हणजे गरमीची ना?" धाकटा म्हणाला. "त्या दिवशी मी हाच लाल झाकणाचा डबा नेला होता. तुम्ही लावलेलं झाकण म्हणजे छापील अक्षर, असं समजत होतो मी. तपासलं नाही, तेवढं माझं चुकलं. दवाखान्यातून आलो त्या संध्याकाळी उरलेल्या पावडरीवर हेच करून पाहिलं, डबा परत कोठीत ठेवला आणि दादाला जाऊन सांगितलं."

"झाकणं तुम्ही बदललीत," ती म्हणाली. पण बोलता बोलताच तिच्या डोळ्यांपुढं कठड्यावर शेजारी शेजारी वाळत घातलेली दोन झाकणं आली. गिरणीच्या कामाच्या आधी तिनंच ती घासली होती. दोन्ही एकाच मापाची होती. वाळल्यावर तिनंच ती बसवली होती, गडबडीत, दुधावर एक डोळा ठेवून. ती तिथंच जमिनीवर बसली.

धाकटा तिच्याकडं बघतही नव्हता. तो थोरल्यापुढं जाऊन उभा राहिला होता.

"तिला सांगू नकोस म्हणालास. ती खचली तर माझं कोण करेल, म्हणालास. मी मान्य केलं. तुझे डोळे गेले होते, मी काय बोलणार? पण आई गेली तेव्हा? सात दिवस मी फाटकाशी उभा होतो. आई आतून मला हाका मारत होती, रस्त्यावर ऐकू येत होत्या. वहिनीनं कडी काढली नाही. तिचं मी समजू शकतो, तिला माहीत नव्हतं. तुला माहीत होतं, दादा. तू आत बसला होतास. एक शब्द बोलला असतास तर मी आईजवळ असतो."

थोरला खुर्चीचे हात घट्ट धरून बसला होता. "मला भीती वाटली," तो शेवटी म्हणाला.

"तुला भीती वाटली, आणि आई माझी वाट बघत गेली," धाकटा म्हणाला, आणि ड्रिलची वायर गुंडाळायला लागला.

थोरलीला सासूबाईंचा तो आवाज आठवला. दार लावून घे, ऐकू येतंय त्याला, असं थोरल्यानंच तिला सांगितलं होतं. तिला तेव्हा वाटलं होतं, आपला नवरा आपल्या बाजूनं उभा आहे.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली. "मी त्यांना शिव्या देत होते आणि तुम्ही माझ्या हातचं जेवत ऐकत होतात."

"तुझ्यासाठीच गं. तुला सोसलं नसतं."

"माझ्यासाठी? आत्ता ऐकलं मी. माझं कोण करेल, असं म्हणाला होतात तुम्ही."

दुसऱ्या दिवशी सकाळी दगडाचे तीन तुकडे झाले होते. भिंतीला ओरखडाही नव्हता. धाकट्यानं ताडपत्री झटकून घडी केली आणि सामान उचललं. थोरली दारात आली. रात्रभर तिनं काय काय बोलायचं ठरवलं होतं, आणि आता तोंडातून फक्त "भावजी" एवढंच निघालं.

"तुकडे न्यायला माणसं येतील," तो म्हणाला. "मी येणार नाही. मला पुन्हा बोलावू नका." आणि तो गेला.

दुपारी तिनं ताट वाढून थोरल्यापुढं ठेवलं. रोज ठेवताना ती सांगायची, भात समोर, भाजी उजवीकडं, पाणी डाव्या हाताला. आज ती ताट ठेवून भिंतीला टेकून उभी राहिली. त्यानं थोडा वेळ वाट पाहिली. मग ताटावरून हात फिरवला, बोटं भाजीत बुडाली, ती त्यानं शर्टाला पुसली.

"इथंच आहेस ना?" त्यानं विचारलं. "पाणी कुठं ठेवलंयस?"

तिला माहीत होतं. ती बोलली नाही.