शैलाताईंची नजर

पांढरा पडदा उजळला, की शैलाताईंच्या चेहऱ्यावर सकाळ व्हायची. वाळूजच्या एका कारखान्यात, मुद्दाम अंधाऱ्या ठेवलेल्या खोलीत आम्ही दोघी टीव्हीचे पडदे तपासायचो. मी बसून बटणं दाबायचे. त्या माझ्या मागे उभ्या राहून बघायच्या. लाल, हिरवा, निळा, पांढरा आणि शेवटी काळा, अशा रंगांच्या ऋतुचक्रातून प्रत्येक पडदा जायचा, आणि लाखो पिक्सेलमधला एखादा जरी विझलेला असला तरी तो त्यांना सापडायचा. पाचोडच्या माहेरी सुपात ज्वारी निवडता निवडता तयार झालेली ती नजर. बघताना बोटंही नकळत हलायची, खडा वेचल्यासारखी.

काळा पडदा आला, की त्यात आमचे चेहरे उमटायचे. माझा पुढे आणि माझ्या उजव्या खांद्यावर त्यांचा. तेवढ्यात त्या कपाळावरची टिकली सरळ करून घ्यायच्या. फुकटचा आरसा कोण सोडतं!

एका दुपारी पांढऱ्यावर त्यांना काळा ठिपका दिसला. मला काही दिसेना. पण त्यांच्या नजरेपुढे माझ्या डोळ्यांची काय मजाल? मीही हो म्हटलं. असे लागोपाठ तीन पडदे बाद झाले. चौथ्याला त्यांनी सहज मान वळवली, तर ठिपका भिंतीवर गेला. त्यांनी डोळे चोळून पुन्हा पाहिलं, ठिपका तिथंच. नजर हीच त्यांची नोकरी होती.

"ताई, कुणाला कळायचं नाय. मी बघते ना तुमच्या वाटचं," मी कुजबुजले.

"अन् चांगल्या स्क्रीनला डाग लावू व्हय? नाय गं बाई."

त्या स्वतःच साहेबांकडे गेल्या. "साहेब, तिन्ही स्क्रीन निर्मळ हायेत. ठिपका माझ्या डोळ्यात हाय."

साहेबांनी ते तिन्ही पडदे पुन्हा लावून पाहिले. मग त्यांनी ताईंना नव्या मुलींना शिकवायला बसवलं. मला इतका आनंद झाला, की मी कँटीनमध्ये रडले. तिथंच ताई प्रत्येकीला पहिल्या दिवशी ताटलीत ज्वारी निवडायला द्यायच्या आणि माझ्याकडे रोखून बघत म्हणायच्या, "दिसलं नाय तर नाय म्हनायचं. समोर मी असले तरी."

आता निवृत्त होऊन त्या पाचोडला सुखात आहेत आणि तपासणी माझ्याकडे आहे. काळा पडदा आला, की उजव्या खांद्यावरची जागा रिकामी असते. माणूस गावी निघून जातो, सवय तेवढी मागे राहते. मी अजूनही त्यांच्या चेहऱ्याला जागा ठेवून जराशी डावीकडे सरकून बसते. दिसलं नाही तर नाही म्हणायचं, हा ताईंचा नियम मी एवढ्या एकाच ठिकाणी मोडते.