संबळाची वायर

"अंबू, बाईमाणसानं गोंधळ घातल्याचं कुठं ऐकलंयस तू?" संताजी अण्णा म्हणाला.

"अजून नाही. लग्नाला तू ऐकशील," मी म्हटलं.

हा माझा थोरला भाऊ. त्याची लेक भूमिका, तिचं लग्न. लग्नाआधी देवीचा गोंधळ झाला नाही अशी आमच्या घरातली एकही पोरगी नाही. बेंगळुरात आम्ही इतक्या पिढ्यांपूर्वी आलो की आमची मराठी ऐकून पुण्याची माणसं हसतात. हसू देत. गोंधळ मात्र आम्ही सोडला नाही. निपाणीहून उमाजी गोंधळी यायचा, संबळ वाजवायचा आणि एकेका देवाला नावागावानिशी हाळी देऊन लग्नाला बोलवायचा. आता दम्यानं त्याचं गाणं सुटलं आणि प्रवासही.

व्याही इथल्याच एचएसआर लेआउटचे, नव्या श्रीमंत वस्तीतले. विहीणबाई वीणाताई गोड आवाजात म्हणाल्या, "यूट्यूबवर इतका सुंदर गोंधळ आहे, तोच लावू या ना. रिसेप्शनच्या आधी पटकन होऊन जाईल." अण्णानं लगेच मान डोलावली. मुलीचा बाप झाला की माणसाच्या मानेत हाडच राहत नाही.

तो गोंधळ मी ऐकला. गळा चांगला होता, खोटं कशाला बोलू. पण त्यात सौंदत्तीची यल्लम्मा नव्हती, आमची बनशंकरी नव्हती, बेंगळूरची ग्रामदेवता अण्णम्मा नव्हती. दुसऱ्या कुणाच्या तरी घरची आमंत्रणं ती. जिच्या अंगणात एवढ्या पिढ्या वाढल्या, तिला पोरीच्या लग्नाला बोलवायचं नाही म्हणजे काय? मला राग आला, आणि माझा राग लवकर उतरत नाही.

उठले आणि निपाणी गाठली. उमाजीला म्हटलं, "गाऊ नको, नुसता वाजव." धाप लागेपर्यंत तो वाजवायचा, मी फोनमध्ये भरून घ्यायची, तो भिंतीला टेकायचा, पुन्हा वाजवायचा. तुणतुणं दुसऱ्या फोनमध्ये घेतलं.

"आणि हाळी कोण देणार?" त्यानं विचारलं.

"मी."

त्यानं संबळ बाजूला ठेवला. मग म्हणाला, "एकदा सुरू केलंस की मध्ये थांबू नको. देव घरातून निघालेले असतात. त्यांना वाटेत उभं करायचं नसतं."

भूमिकानं ते तुकडे असे जोडून दिले की थांबवेपर्यंत संबळ वाजतच राहील. आधी आम्ही एका फोनचा आवाज ब्लूटूथनं नेऊन बघितला. तुणतुणं पुढं, आणि संबळ मागून धापा टाकत येतोय. मग एसपी रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून वायरी आणल्या आणि एक काडेपेटीएवढी मिक्सरची डबी. दोन्ही फोन डबीत, डबी स्पीकरमध्ये. सगळा गोंधळ माझ्या भाजीच्या पिशवीत मावायला लागला. भूमिका रोज बजावायची, "आत्या, विमानाचं चित्र दाबायला विसरू नको हं. नाहीतर कुणाचा फोन आला की संबळ बंद."

इथं रिसेप्शन लग्नाच्या आदल्या संध्याकाळी असतं. त्या संध्याकाळी अण्णा व्याह्यांना कॉफीला वरच्या हॉलमध्ये घेऊन गेला, आणि मी पिशवी घेऊन डीजेपुढं उभी राहिले. हर्ष नाव त्याचं. "आंटी, ब्लूटूथ दीजिए, वायर नहीं," तो म्हणाला. त्याला मी कन्नडात सुनावलं, जरा बाजूला सरक म्हटलं आणि वायर माझ्या हातानं खोचली. त्या हुज्जतीत विमान राहून गेलं.

संबळ सुरू झाला तशी आमच्या बायका माना वर करून बघायला लागल्या. वायर आखूड होती, त्यामुळं मला स्पीकरला चिकटूनच उभं राहावं लागलं. तुळजापूरला हाळी दिली, जेजुरीला दिली. बायका 'उदो' म्हणाल्या, आधी दबकत, मग मोकळ्या गळ्यानं. सौंदत्तीला दिली. बनशंकरीचं नाव घेतलं तेव्हा दारातली फुलवाली टोपली खाली ठेवून हात जोडून उभी राहिली.

अण्णम्मा तेवढी उरली होती, आणि संबळ गप्प झाला, दुसऱ्या फोनमधलं तुणतुणं तेवढं राहिलं. सगळ्या मंटपात माझ्या फोनची रिंग वाजायला लागली. पडद्यावर नाव होतं, संताजी अण्णा.

मी फोन उचलला. वायर तशीच खोचलेली होती, त्यामुळं त्याचं बोलणं स्पीकरमधून सगळ्यांच्या कानावर पडलं.

"अंबू, बंद कर ते. पाहुण्यांसमोर माझी लाज घालवू नको."

समोर भूमिका हिरवा शालू नेसून उभी होती, तिचा चेहरा उतरला. मला रडू येत होतं, पण रागानं.

"अण्णा, तुझं बोलणं सगळ्या मंटपाला ऐकू जातंय," मी म्हटलं. "जाऊ दे. तुळजापूर, जेजुरी, सौंदत्ती, बनशंकरी, सगळे निघालेत. त्यांना परत जा म्हणायचं असेल तर तू म्हण, मी म्हणणार नाही. आणि अण्णम्मा अजून राहिलीय. तुला गोवर आला तेव्हा आईनं तुला तिच्याच पायरीवर आणून ठेवलं होतं. तिला न विचारता पोरगी सासरी धाडणार आहेस?"

त्यानं फोन ठेवला नाही. स्पीकरमधून त्याचा श्वास ऐकू येत होता. मी संबळाशिवायच अण्णम्माला हाळी दिली, फोन हातात तसाच धरून. या वेळी बायका गप्प राहिल्या. बाप काय म्हणतो याची त्या वाट बघत होत्या, आणि खरं सांगायचं तर मीही.

मग स्पीकरमधून, वर व्याह्यांच्या शेजारी बसलेल्या माझ्या भावाचा आवाज आला.

"उदो."

त्यानं फोन ठेवला, आणि उमाजीचा संबळ जिथं थांबला होता तिथून पुन्हा वाजायला लागला.