अकरा सेकंदांची घूं

रविवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी धुळ्यातल्या एका सभागृहात माझी पिन बोर्डातून काढण्यात आली. कार्यक्रम साडेसहाचा होता. पिन काढणाऱ्याचे नाव ज्ञानेश्वर. तो बोदवडचा. लग्नकार्यात साउंड लावतो. माझ्यावर त्याच्याइतके प्रेम फार थोड्यांनी केले आहे, हे आधीच नोंदवून ठेवतो.

मित्रांनो, मी एक जुना अँप्लिफायर आहे. गिटारचा बारीक आवाज माझ्यात शिरतो आणि भिंत हलेल एवढा होऊन बाहेर पडतो. माझे काम इतकेच.

माझा जन्म १९९३ सालचा, धुळ्यातलाच. आग्रा रोडला निंबा मिस्त्रींचे लाऊडस्पीकर दुरुस्तीचे दुकान होते. वरणगावचा चोवीस वर्षांचा शालिग्राम एसटीच्या टपावर लाकडी फळ्या घालून त्यांच्याकडे आला. लिलावात घेतलेल्या जुन्या खोक्यांच्या त्या फळ्या. एक फळी चार इंच कमी पडली. नवी आणायला दोघांनाही धीर नव्हता. मग पेटी आखूड झाली, आणि मिस्त्रींनी ट्रान्सफॉर्मर व्हॉल्व्हच्या काचेच्या नळीला अगदी चिकटवून बसवला. तेव्हापासून मी घूं करतो. कोणी वाजवत नसले तरी, नुसता चालू केला तरी.

"मिस्त्री, हा घूं करून राह्यला," शालिग्राम म्हणाला होता.

मिस्त्रींनी चष्माही वर केला नाही. "घूं करस म्हनजे जित्ता शे. मराना दिन चूप व्हई."

शालिग्रामच्या बँडचे नाव 'घण'. गाणे आणि गिटार त्याचे. ड्रमवर पुना. तो सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातला, होळीचा मोठा ढोल वाजवत वाढलेला. तिसरा माणूस दर दोन-तीन वर्षांनी बदलला. ते हेवी मेटल वाजवत. हेवी मेटल म्हणजे घरातल्या मोठ्यांनी पहिल्याच मिनिटाला "बंद करा" म्हणावे असे संगीत. १९९५ साली त्यांची 'भट्टी' ही कॅसेट निघाली. तिच्या शेवटी शालिग्राम जी किंकाळी फोडायचा, तिने पाचोऱ्याच्या मंडपाचा पत्रा हलला असे लोक अजून सांगतात. पत्रा आधीच सैल होता. मी तिथे होतो. किंकाळी मात्र खरी होती.

पुढे मंडपांत डीजे आले आणि २००४ पासून मला बोलावणे आले नाही. मी वरणगावला घराच्या मागच्या खोलीत पडलो. माझ्यावर कांदे वाळले. श्रावणात कानबाई देवी बसवताना चौरंग सापडेना, तेव्हा शालिग्रामच्या बायकोने, सुनंदाबाईंनी, माझ्यावर कोरे कापड टाकले. "यालेच घ्या, हा दणकट हाये," त्या म्हणाल्या. एकोणीस वर्षांत मिळालेले कौतुक एवढेच.

मग शालिग्रामने एक दिवस माझ्यावरचे कांदे उतरवले. पुनाला फोन केला. त्याच खोलीत दीड वर्ष काम करून त्यांनी नवा अल्बम केला, 'गार लोखंड'. सात गाणी, एकेचाळीस मिनिटे. गाणी संथ. पुनाच्या हाताखाली होळीच्या ढोलाची चाल. शालिग्राम आता छप्पन्नचा आहे. त्याचा आवाज पूर्वीइतका वर चढत नाही. त्याने तो ओढूनताणून चढवला नाही, खालीच ठेवला. पहिल्या गाण्याच्या सुरुवातीला अकरा सेकंद फक्त मी आहे. नुसती घूं.

चाहत्यांनी हा अल्बम पहिल्यांदा ऐकला जानेवारीत, जळगावजवळच्या एका शेतात, भरीत पार्टीला. 'घणकरी' नावाच्या त्यांच्या ग्रुपची ही पार्टी दर हिवाळ्यात होते. वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजत होती, ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, कळण्याच्या पुऱ्या तळल्या जात होत्या, आणि अल्बम माझ्यातून वाजत होता. चौथ्या गाण्यापर्यंत कोणी बोलले नाही. मग धुळ्याकडचा एक जण म्हणाला, "शालिग्रामभाऊ, हाई बठ्ठं ठीक शे, पन गानं कवय सुरू व्हई?"

गाणे सुरू कधी होणार, या प्रश्नावर सगळे हसले. शालिग्रामही हसला. त्याचा हात माझ्या डोक्यावर होता. तो हात हलला नाही.

नंतर ग्रुपवर जे आले, ते शालिग्रामने मागच्या खोलीत पुनाला मोठ्याने वाचून दाखवले. गार लोखंडावर घण मारून काय होते? शालिग्रामआबांना आता आराम करू द्या. पहिल्या गाण्यात केबल लूज आहे, पुन्हा अपलोड करा. धुळ्याच्या एका परिचारिकेने लिहिले होते, चौथे गाणे नऊ वेळा ऐकले, का ते माहीत नाही. तो निरोप त्याने दोनदा वाचला.

आठवड्याने ज्ञानेश्वरने ग्रुपवर 'दुरुस्त प्रत' टाकली. त्याने माझी घूं पुसून टाकली होती. गाण्यांची गती वाढवली होती. एकेचाळीस मिनिटांची छत्तीस झाली, आणि गती वाढल्यामुळे शालिग्रामचा आवाज दोन सुरांनी वर गेला. तो पंचवीस वर्षांचा वाटू लागला. लोकांना आनंद झाला. हाच आमचा शालिग्राम, असे कोणी कोणी लिहिले. पाच दिवसांत मूळ अल्बम अकराशे वेळा ऐकला गेला, दुरुस्त प्रत नऊ हजार वेळा. शालिग्रामने ती एकदा ऐकली आणि फोन उलटा करून ठेवला.

आता पुन्हा रविवारकडे येतो. चार पंचविसाला शालिग्राम गिटार घेऊन रंगमंचावर आला.

"याची पिन कोन काढली?"

"मी काढली, भाऊ," ज्ञानेश्वर म्हणाला. "हा नवा डबा लावला. बिलकूल घूं नाही. अन् आवाज लॅपटॉपवरून माह्या प्रतीतला सोडतो. तुम्ही नुसते ओठ हलवा. कोन्हाले समजनार नाही."

मागे पुना ड्रमचे कातडे आवळत होता. "मग मीपण नुसते हातच हलवू का?"

"तू गप रे, पुनाभाऊ." ज्ञानेश्वरच्या मनगटाच्या वर 'घण' असे गोंदलेले आहे. त्यावरून तो दुसऱ्या हाताचा अंगठा फिरवत होता. "भाऊ, सहाशे लोक येऊन राह्यले. त्यायले तो आवाज पाहिजे. हा ऐकला त हसतीन तुमच्यावर. मले ते पाहवनार नाही."

शालिग्रामने गिटार खाली ठेवली.

"ज्ञाना, तुह्या प्रतीत जो गाऊन राह्यला ना, तो चांगला गातो. पन तो मी नाही. मी मेल्यावर त्याले बोलाव. आज मी आलो हाये."

"अन् मधीच आवाज फाटला त?"

"फाटू दे."

तो खाली वाकला. गुडघा कडकन वाजला. त्याने माझी पिन स्वतः बोर्डात घातली. मी घूं केले. ज्ञानेश्वरने काही अडवले नाही. तो सभागृहाच्या मागच्या टोकाला आपल्या मिक्सरवर जाऊन बसला. लॅपटॉप त्याने बंद केला नाही. सभागृहात काय ऐकू जाईल, हे तिथून ठरते.

मित्रांनो, मी दया मागत नाही. जुन्या वस्तूंची निगा जरूर राखा. धूळ पुसा, वायर बदला, ओल लागू देऊ नका. पण हत्यार हातात घेण्याआधी एवढे पाहा, की समोर आहे तो बिघाड आहे की वय. बिघाड काढता येतो. वय काढायला जाल तर आतला माणूसच निघून जातो, आणि हातात गोड वाजणारा डबा राहतो. मी चार इंच कमी आहे. बत्तीस वर्षांनी झिजलो आहे. मला ते भरून नको आहे.

सहा वाजून बत्तीस मिनिटांनी पडदा उघडला. खुर्च्या भरल्या होत्या. पहिल्या रांगेत एक्याऐंशी वर्षांचे निंबा मिस्त्री बसले होते. शालिग्रामने माझी आवाजाची खुंटी फिरवली आणि मी सुरू झालो. तिसऱ्या सेकंदाला शिट्ट्या आल्या. पाचव्याला 'भट्टी! भट्टी!' असा ओरडा. सातव्याला मागून कोणी तरी म्हणाले, "केबल लूज शे रे!"

मिस्त्री मागे वळले. "लूज नही. चार इंच कमी शे."

नवव्या सेकंदाला शालिग्रामने माझी खुंटी आणखी वर नेली. दहाव्याला पुनाने काठ्या उचलल्या. अकराव्याला शालिग्राम माइकजवळ आला आणि त्याने श्वास घेतला. समोर, सभागृहाच्या मागच्या टोकाला, ज्ञानेश्वर उभा राहिला आहे. त्याचे एक बोट लॅपटॉपवर आहे.

बारावा सेकंद चालू आहे. मी घूं करतो आहे.