वळणावरची तार

"मिस्टर टॅनर, ती तार तुम्हीच बांधलीत ना?"

हे त्याच्या तोंडावर विचारून दाखव, अशी पैज टीममधल्या जोली आणि कार्स्टनने लावली होती. दोघंही फाटकाबाहेर सायकली गावाच्या दिशेला वळवून उभे होते, म्हणजे पैज माझी आणि पळायची तयारी त्यांची. मला हल्ली असल्या गोष्टींची भीती वाटत नाही. गेल्या वर्षीपर्यंत मी वर्गात हात वर करायला घाबरायचे. मग टेसने मला शाळेच्या सायकल टीममध्ये ओढलं. आता उभ्या खडकावरून ब्रेक न दाबता उतरणाऱ्या मुलीला एखादा म्हातारा काय करणार?

म्हाताऱ्याने हातातली पक्कड फेकून मारली.

ती माझ्या कानाजवळून सणसणत गेली आणि गुरांच्या पाण्याच्या टाकीवर आदळली. मी वाकले नाही. खरं म्हणजे वाकायचं सुचलंच नाही, पण ते जोलीला सांगायची गरज नाही. तोवर व्हर्ल टॅनर लंगडत माझ्यापर्यंत पोचला होता. त्याने माझ्या हेल्मेटचा हनुवटीखालचा पट्टा मुठीत धरला आणि मला फरफटत गवताच्या कोठारामागे नेलं.

तो इतका का पेटला होता हे कळायला आधी रविवार सांगायला हवा. रविवारी टेस आणि मी लाल कड्याखालच्या ट्रेलवर होतो. टेस पुढे, मी मागे. ती कायम पुढेच असते. दोन ज्युनिपर झाडांच्या मधल्या वळणावर सरळ कापून जायला ती पेडलवर उभी राहून हँडलवर वाकली, आणि तिची सायकल एकटीच पुढे गेली. टेस हवेत मागे राहिली, मग पाठीवर आदळली. गळ्याच्या खालच्या भागात, छातीच्या हाडाच्या जरा वर, झाडांमध्ये आडव्या ताणलेल्या काटेरी तारेने तिला चिरलं होतं. मी हातमोजा त्या जखमेत कोंबला आणि दाबून धरला. बोटांमधून रक्त येतच राहिलं. आमची वाळू मुळातच लाल, तरी त्या दिवशी ती काळी झाली. टेस वाचली. पण घशात नळी आहे, बोलता येत नाही, आणि आवाज परत येईल की नाही हे डॉक्टर सांगत नाहीत.

व्हर्ल टॅनर गेली कित्येक वर्षं सायकलवाल्यांवर ओरडतो, एकदा त्याने हवेत गोळीही झाडली होती. तार गंजकी, त्याच्याच कुंपणाची. मग आणखी काय हवं? मंगळवारी टीमच्या पोरांनी त्याच्या ट्रकची काच फोडली. बुधवारी त्याच्या कुत्रीला दगडांनी ठेचलं. आणि उद्या, शनिवारी, पेट्रोल घेऊन त्याचं कोठार पेटवायचं ठरलं होतं. त्याची झोपायची खोली कोठाराला चिकटून आहे. ते कोणी बोललं नाही, पण माहीत सगळ्यांना होतं. मलासुद्धा. मला एवढंच हवं होतं की त्याने आधी कबूल करावं.

कोठारामागे ताज्या मातीचा ढिगारा होता.

"पाठीचा कणा मोडला होता तिचा," व्हर्ल म्हणाला. "मलाच गोळी घालावी लागली. हे तुझे दोस्त."

मी म्हणाले, आणि टेसचा गळा? तो कोणी चिरला? त्याने पट्टा सोडला आणि थुंकला. म्हणाला, शेरिफचा डेप्युटी येऊन त्याच्या बुटाचं माप घेऊन गेला, पण ते लावणार कशाला? त्या वळणावर पायाचा ठसाच नाही.

ते मीही पाहिलं होतं आणि त्याचा विचार केला नव्हता. आमच्याकडे वाळूवर काळी, फुगीर खपली धरते. शेवाळ-बुरशीची, जिवंत असते ती. एक पाय पडला की चुरा होतो आणि परत धरायला माणसाचं आयुष्य जातं, ठसा तोवर तसाच राहतो. डॅडने मला चालायला शिकवलं ते तिच्यावर पाय न ठेवता, दगडावरून दगडावर. त्या वळणाला दोन्ही झाडांभोवती तारेचे वेढे होते, झाडांभोवती सगळी खपली होती, आणि सायकलींच्या चाकोरीबाहेर खपलीला ओरखडासुद्धा नव्हता.

"मी आणि माझ्या गाई जिथून जातो तिथे काय उरतं ते तुझ्या त्या वाटाड्या बापाला विचार," व्हर्ल म्हणाला. "या गुडघ्याने मी दगडांवरून उड्या मारीन होय? बॅले करतो मी?"

मग त्याने मला कुंपण दाखवलं. वरची एक तार दोन खांबांच्या मध्ये कापून नेली होती. पण नेणाऱ्याने गाई बाहेर पडू नयेत म्हणून त्या जागी दोरी ताणून बांधली होती, चांगली घट्ट. जांभळी दोरी, मधून पिवळा धागा.

"सभ्य चोर," व्हर्ल म्हणाला. आणि मग त्याची नजर खाली माझ्या बुटांवर गेली, आणि तिथेच राहिली.

माझ्या बुटांच्या लेस जांभळ्या आहेत. मधून पिवळा धागा. डॅडने उन्हाळ्यात तंबूच्या दोरीच्या रिळातून कापून दिल्या होत्या, या जन्मात तुटणार नाहीत म्हणून.

व्हर्लने खिशातल्या चाकूने दोरीचं टोक कापून माझ्या हातात ठेवलं आणि पक्कड शोधायला निघून गेला.

फाटकाशी कार्स्टन हसत होता. म्हातारा रडला का म्हणाला, कुत्रीसाठी? मी त्याच्या नाकावर ठोसा मारला. माझा पहिलाच. अंगठा मुठीच्या आत ठेवायचा नसतो हे तेव्हा कळलं. तो रस्त्यावर बसला, शर्ट रक्ताने भरला, जोली किंचाळली. उद्या इथे कोणी फिरकलं तर मी शेरिफला सगळ्यांची नावं देईन, असं सांगून मी निघाले.

घरी डॅड गॅरेजमध्ये होता. तो लोकांना वाळवंटात चालायला नेतो, ट्रेलचे दगड रचतो, आणि त्या वळणाचं त्याला वेड लागलं होतं. सायकलवाले वळण न घेता खपलीवरून सरळ कापतात, महिन्याला हातभर रान मरतं. आठवडाभर त्याच्या तळहाताला पट्टी होती. निवडुंग, म्हणाला होता.

मी दोरीचा तुकडा त्याच्यासमोर धरला. त्याने हातातला पाना खाली ठेवला.

"तार मी छातीच्या उंचीवर बांधली होती," तो म्हणाला. "हळू येणारा थांबला असता, ब्रिन. कोणी तिथे हँडलवर वाकून वेगात येईल हे मला..."

"आम्ही सगळे तिथे तसेच येतो. आणि तू टॅनरच्या गाईंची काळजी घेतलीस. टेसची नाही."

त्याने माझी सायकल उचलली आणि जमिनीवर आपटली. परत उचलली, परत आपटली. चाक वाकलं, आरे तुटून उडाले. मी त्याचा हात धरायला गेले तर त्याने उलट्या हाताने मला मारलं. त्याने कधीच मारलं नव्हतं. दात ओठात घुसला. तो आपल्या हाताकडे असं बघत उभा राहिला, जणू तो हात कोणीतरी तिथे विसरून गेलं आहे.

मॉम आवाज ऐकून आली. तिला सगळं सांगावं लागलं. तिने आधी माझ्या ओठाला बर्फ लावला, मग दार लावून घेतलं. म्हणाली, बाप तुरुंगात गेला तर घर कसं चालेल? टेस वाचली आहे ना? टॅनरवर काही सिद्ध होणार नाही, चार महिन्यांत लोक विसरतील. ती वाईट बाई नाही.

डॅड उलट्या बादलीवर बसला होता. मी खाली वाकून बुटांच्या लेस काढल्या, आधी एक, मग दुसरी, आणि त्याच्या हत्यारांच्या टेबलावर कुंपणाच्या दोरीशेजारी ठेवल्या. तिन्ही सारख्या दिसत होत्या.

"मी आत्ता शेरिफकडे जातेय," मी म्हणाले. "तिथून टेसकडे, कारण तिला हे माझ्याकडून कळायला हवं. डॅड, तू ट्रक काढलास तर आपण बरोबर जाऊ आणि तिथे तू बोल. नाही काढलास तर मी चालत जाईन आणि मी बोलेन. मॉम, मला तुझे बूट दे."