चपलांचं चाक

वसराम जाधवाच्या जीपला चौथं टायर मिळंना, आणि त्यापायी तांड्याचा नायक अनवाणी झाला. हसू नका, झालं ते असंच झालं.

वसराम फौजेत ड्रायव्हर होता. एकाहत्तरच्या लढाईत आपण गोळीबारातून जीप बाहेर काढली, असं तो तीस वर्षं सांगत होता आणि तीस वर्षं तांडा त्याला थापाड्या म्हणत होता. पदकाची ट्रंक रेल्वेत चोरीला गेलेली, मग पुरावा कुठला दाखवणार? बायको जिवनबाई तर तोंडावर म्हणायची, "तुमी तिथं कांदे सोलत असान." बाकीच्यांचं जाऊ द्या, पण तिचं हे बोलणं त्याला फार लागायचं.

शहाण्णव साली त्यानं लिलावातून लष्कराची मोडकी जीप आणली आणि सात वर्षं खपून चालू केली. दोन हजार तीनमध्ये नांदेडला जुन्या लष्करी गाड्यांचा मेळावा ठरला. तपासणीत पास झालेल्या गाडीच्या ड्रायव्हरचं नाव पलटणीसकट भोंग्यावर पुकारणार होते. वसरामला आणखी काय पाहिजे! जिवनबाईला शेजारी उभी करून ऐकवायचं, बस. अट एकच होती: टायरं त्या काळचीच हवीत, पुढून-मागून सारख्याच नक्षीची. गाडी आली की गेली हे मागावरून शत्रूला कळू नये, म्हणून ती नक्षी.

अहो, तसली टायरं जीपसोबतच आली होती! पण जीप विटांवर उभी असताना या भल्या माणसानं ती वाटून टाकली. दोन तांड्यातल्याच थावराच्या बैलगाडीला लागली होती, ती हातापाया पडून सोडवली. एक शिरड शहापूरच्या धनगराकडं होतं, त्यात कोकरं निजायची. तेही आणलं. चौथ्याच्या मात्र गोरेगावच्या बाजारात चपला झाल्या होत्या, चांगले चार जोड. एक वसरामचा, एक थावराचा, एक धर्मसिंग नायकाचा आणि एक जिवनबाईचा.

वसरामनं एक गुळगुळीत टायर घेतलं. ट्यूब नव्हती, म्हणून आत सोयाबीनचं कुटार, म्हणजे भुसा, ठासून भरलं आणि वरून त्या नक्षीच्या चपला तारेनं शिवल्या. नायकानं कुरकुरत का होईना, आपला जोड दिला. जिवनबाईनं साफ नकार दिला. "तुमच्या थापंपायी मी काट्यात चालू काहून?" झालं, दोन चपलांची जागा रिकामी राहिली. जीप चालली की दर फेऱ्याला ठप्प करून लंगडायची.

तपासणीला नांदेडहून निवृत्त कर्नलसाहेब यायचे होते. त्या सकाळी वसराम नारळ फोडायला जीप सेवालाल महाराजांच्या मंदिरापुढं घेऊन गेला. धर्मसिंग नायक आडवा आला.

"चपला घालून देवापुढं? जमायचं न्हाई."

"नायक, ते चाक हाय!"

"कशाचं चाक? त्या टाचेतला खिळा माझा हाय. म्या सोता ठोकलेला."

शेवटी वसरामनं जॅक लावून चाक उतरवलं, पायरीजवळ लोकांच्या पायताणांत नेऊन ठेवलं. जीप तीन चाकांवर आणि एका धोंड्यावर देवापुढं उभी राहिली, आणि नेमके तेव्हाच कर्नलसाहेब आले. बूट काढायला वाकले तर समोर ते चाक!

साहेबांनी चाक उलटंपालटं केलं. शिवणीत बोट घातलं, तर चिमूटभर कुटार हातात आलं.

"हे तुला कुणी शिकवलं?"

"कुणीच न्हाई साहेब. एकाहत्तरला टायर फाटलं. ट्यूब न्हवती. गवत भरलं, बुटाचे तळवे तारेनं शिवले आन् गाडी काढली."

साहेब पायरीवरच बसले.

"माझ्या एका ड्रायव्हरनं तिकडं सरहद्दीवर असंच गवत भरून आम्हाला परत आणलं होतं," ते म्हणाले. "हे कुठल्या पुस्तकात नाही. गोळ्यांखाली गाडी चालवलेल्या माणसालाच हे येतं." मग त्यांनी कागद काढला. "पण गाडी नापास. नियम आहे. आणि त्यात दोन चपला कमीच आहेत."

वसरामची मान खाली गेली. तेवढ्यात आतून सगळं ऐकत असलेली जिवनबाई मंदिरातून उतरली. ढिगातून आपला जोड उचलला आणि साहेबांपुढं ठेवला.

"या घ्या, आता भरल्या. लिवा पास."

नियम तो नियम, साहेबांनी नापासच लिहिलं. नांदेडच्या भोंग्यावर वसरामचं नाव काही आलं नाही. पण त्यानं तिथंच बसून ते दोन तळवे शिवले, चाक चढवलं, आणि जिवनबाई जन्मात पहिल्यांदा त्या जीपमध्ये बसली, अनवाणी पाय पुढं करून. जीप लंगडली नाही.

गोरेगावच्या बाजारात भेटेल त्याला ती सांगत सुटली, "ह्यायनं लढाईतून गाडी काढली. टायरात दोन गोळ्या बसल्या व्हत्या!"

"अगं, गोळ्या न्हाई, दगडानं फाटलं व्हतं," वसराम हळूच म्हणाला.

"तुमी गप बसा. तुमाला काय आठवून राहिलं!"