मावशीची साक्ष

खोरं कुणाचं, हे ठरवायला बाहेरच्या देशांतून तीन पंच आले होते. नदीच्या अलीकडचं सरकार म्हणे आमचं, पलीकडचं म्हणे आमचं, आणि पिढ्यान्‌पिढ्या त्या खोऱ्यात राहणाऱ्यांना मात्र ‘बाबांनो, तुमचं काय म्हणणं?’ असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. आता विचारत होते. तेही कसं, तर अलीकडच्या जिल्हा कचेरीच्या वरच्या मजल्यावर, लांबलचक टेबलावर माइक आणि काचेचे पेले मांडून, आणि संध्याकाळचं विमान गाठायचं म्हणून एक डोळा घड्याळावर ठेवून.

त्या टेबलाच्या टोकाला ठमी दुभाषी म्हणून बसली होती. ठमी हे घरातलं नाव. लहानपणी गोल गरगरीत होती म्हणून मावशीने ठेवलेलं. इथे सगळे तिला ‘दुभाषीबाई’ म्हणत होते, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी तसंच म्हणत राहावं यासाठी तिचा जीव टांगणीला लागला होता. कारण पुढची साक्षीदार तिची सख्खी मावशी होती आणि हे पंचांना ठाऊक नव्हतं.

साक्षीदाराच्या नात्यातल्या माणसाने दुभाष्याचं काम करायचं नाही, असा पंचांचा नियम होता. माझं इथे कुणीही नात्याचं नाही, अशी शपथ ठमीने सकाळी घेतली होती. साफ खोटी. पण करते काय बिचारी? नेमलेला दुभाषा ऐन वेळी आजारी पडला (खरंच पडला की कुणी पाडला, देव जाणे), आणि खोऱ्याची बोली नि पंचांना कळणारी सरकारी भाषा दोन्ही धड येणारं दुसरं माणूस जवळपास नव्हतं. दुभाषा नसेल तर साक्षी सरकारी भाषेतच घ्या, म्हणून अलीकडचा सरकारी वकील टपून बसला होता. त्याचा सगळा दावाच त्यावर उभा होता. हे लोक वेगळे नाहीतच, यांची बोली म्हणजे आपल्याच भाषेचं वाकडंतिकडं रूप. लोक आपले, म्हणून खोरंही आपलं. झालं!

म्हणूनच खोऱ्याची बाजू मांडणाऱ्या मास्तरांनी एकेका साक्षीदाराकडून वचन घेतलं होतं. सभागृहात सरकारी भाषेतला एक शब्दही तोंडातून काढायचा नाही. सगळ्यांना ती येत होती, बाजारहाट तिच्यातच चालायचा, पण इथे नाही म्हणजे नाही. मास्तर तसे हट्टी गृहस्थ. वर्गात पोरांना बोलीत शिकवलं म्हणून त्यांची नोकरी गेली होती, तरी वाकले नव्हते. सरकारच्या लष्करी छावणीवाल्यांनी त्यांची मुलगी उचलून नेली तेव्हाही नाही.

त्याच रात्री मावशीचा मुलगाही नेला होता. ठमीचा दादा. चार वर्षं झाली त्या रात्रीला. सरकार कानावर हात ठेवून मोकळं: आम्ही कुणाला नेलं नाही, गेले असतील नदीपलीकडे पळून. आज, ते डोळ्यांनी पाहिलेल्या मावशीची साक्ष नोंदली गेली तर छावण्या उघडून दाखवा असं सांगायचा अधिकार पंचांना मिळणार होता. आज नाही, तर मग कधीच नाही.

“मावशी, मला ओळख दाखवायची नाही हं,” ठमीने सकाळी फोनवर दहादा बजावलं होतं.

“अगं मग काय भिंतीकडे तोंड करून बसू?”

“माझ्याकडे बघूच नकोस. त्या मधल्या बाईंकडे बघून बोल, त्या अध्यक्ष आहेत.”

“बरं बाई. मोठी साहेबीण झालीस.”

आणि खरंच, सुरुवातीला मावशीने कमाल केली. अध्यक्षबाईंकडे टक लावून, एकेक वाक्य तोडून, थांबत थांबत सांगत होती. दुभाष्याच्या कामाची रीत अशी, की साक्षीदार ‘मी’ म्हणाला की दुभाष्यानेही ‘मी’च म्हणायचं. ‘ती म्हणते’ वगैरे भानगड नाही. ठमी वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या वतीने ‘मी’ म्हणत आली होती. जमिनीची भांडणं, सासू-सुनांची भांडणं, काय काय. कधी काही वाटलं नव्हतं.

“माझा मुलगा पिठाच्या गिरणीत होता,” मावशी बोलीत म्हणाली.

“माझा मुलगा पिठाच्या गिरणीत होता,” ठमी सरकारी भाषेत म्हणाली.

“मी त्याला हाक मारली. त्याच्या हातांना पीठ लागलेलं होतं, ते झटकत तो बाहेर आला.”

“मी त्याला हाक मारली. त्याच्या हातांना...” ठमी म्हणाली आणि अडली. दादाने लहानपणी पिठाचे हात तिच्या नाकाला फासले होते, ते नेमकं आत्ताच आठवायचं होतं? तिने खाकरून घसा साफ केला. “हातांना पीठ लागलेलं होतं.”

“मी हाक मारली नसती तर तो मागच्या दाराने निसटला असता. मीच त्याला बाहेर बोलावलं.”

हे मावशी आजवर कुणालाच बोलली नव्हती. ठमीलाही नाही. ठमीने तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. डोळे भरून आले.

आणि मावशीने इतका वेळ धरून ठेवलेली मान वळवली.

“ठमे, पाणी पी आधी,” ती बोलीत म्हणाली. “आवाज बघ कसा झालाय. सकाळी काही खाल्लंस की तशीच आलीस धावत?”

झालं! साक्षीदाराच्या तोंडून निघालेला प्रत्येक शब्द भाषांतरित झालाच पाहिजे, हाही नियमच. अध्यक्षबाई भुवया उंचावून वाट बघत होत्या. सरकारी वकिलाच्या मागे एक टक्कल पडलेला इसम बसला होता, बोली समजणारा, दुभाषीवर नजर ठेवायलाच आणलेला. त्याने चष्मा वर केला.

“साक्षीदार पाणी मागताहेत,” ठमी म्हणाली.

शिपायाने तत्परतेने पेला मावशीपुढे ठेवला. मावशीने तो उचलला, आणि, आता काय बोलावं त्या माउलीला, टेबलावरून ढकलत ढकलत थेट ठमीपुढे नेऊन ठेवला!

मागच्या बाकांवर कुणीतरी फिसकन हसलं. टकलूने पुढे वाकून वकिलाच्या कानात काहीतरी सांगितलं. वकील सावकाश उठला, कोट नीट केला.

“दुभाषीबाई, ठमी कोण?”

ठमीला वाटलं, पायाखालची जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. खोटं बोलायला तोंड उघडलंही तिने, पण मावशी समोर बसून तिच्याकडे बघत होती.

“मी,” ती म्हणाली. “या माझ्या मावशी आहेत.”

पुढचं भराभर झालं. अध्यक्षबाईंनी दोन्ही पंचांशी कुजबुज केली आणि साक्ष बाद ठरवली, अक्षर न्‌ अक्षर. ठमीला टेबलावरून उठवून मागच्या भिंतीशी बसवलं. मास्तरांनी तिच्याकडे असं पाहिलं की त्यापेक्षा त्यांनी थोबाडीत मारलेली परवडली असती. दुसरा दुभाषा मिळेपर्यंत थांबा, असं ते विनवून विनवून सांगत होते. अध्यक्षबाई हळहळल्या, पण विमानाची वेळ पुढे करून नाही म्हणाल्या.

“माझी काहीच हरकत नाही,” वकील म्हणाला. जिभेवर नुसती साखर. “साक्षीदारांनी आपल्याच भाषेत बोलावं. त्यांना येते.”

“ही यांची भाषा नाही!” मास्तर ओरडले. मग मावशीकडे वळून बोलीत म्हणाले, “वहिनी, एक शब्द काढू नका. आपण चालते होऊ. तुम्ही यांच्या भाषेत बोललात की संपलं सगळं. खोरं गेलं, आपण गेलो.”

मावशी दोन्ही तळवे टेबलावर टेकून उभी राहिली. ठमीला ओरडून सांगायचं होतं, बोल मावशी, दादासाठी बोल! आणि तितक्याच जोरात सांगायचं होतं, नको, बोलू नकोस, त्यांना तेच हवंय. तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला. आज तिच्या तोंडाने व्हायचं ते वाटोळं होऊन चुकलं होतं.

“माझा मुलगा,” मावशी सरकारी भाषेत म्हणाली. मोडकीतोडकी, बाजारातली भाषा. “गिरणी होता. शिपाई आला, सहा. गाडी हिरवा. मी बोलावला, तो बाहेर आला. शिपाई नेला. मी गाडी मागे पळाला, पूल पर्यंत. पूल पुढे छावणी. गाडी छावणी आत गेला. मी डोळ्याने बघितला.”

मास्तर मटकन खाली बसले. मागे खोऱ्याची माणसं उठून दाराकडे निघाली. “विकलं म्हातारीने,” कुणीतरी मोठ्याने म्हणालं. मावशीचे कान लाल झाले, पण ती वळली नाही.

वकील तर आनंदाने फुलून गेला होता. “पंचांनी नोंद घ्यावी, साक्षीदार आमचीच भाषा बोलतात. आजी, तुम्ही आमच्याच आहात ना?”

“हो,” मावशी म्हणाली. “तुमची.”

“आणि खोरं?”

“तुमचा. घ्या. पाणी घ्या, डोंगर घ्या.” तिचा आवाज चढला. “मी तुमची. मुलगा पण तुमचा. तुमचा माणूस कुठे ठेवला, सांगा मला.”

वकिलाने कागद चाळले. “हा प्रश्न माझ्या अखत्यारीत...”

“थांबा,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “हे तुमचे नागरिक आहेत, असं तुम्ही आत्ताच नोंदवायला लावलंत. मग नागरिकाला उत्तर कोण देणार? की नागरिक नाहीत असं लिहून घेऊ?”

दाराशी गेलेली माणसं थबकली. वकिलाने मागे बसलेल्या गणवेशातल्या अधिकाऱ्याकडे पाहिलं. दोघांची बराच वेळ खुसफुस झाली. अधिकारी चिडून नाही नाही म्हणत होता, वकील पंचांकडे आणि भिंतीवरच्या खोऱ्याच्या नकाशाकडे बोट दाखवत होता. शेवटी अधिकाऱ्याने कपाळाला आठ्या घालून मान हलवली.

“आहे,” वकील म्हणाला. “जिवंत आहे. छावणीतच आहे.”

ठमी कशी धावली ते तिचं तिलाच कळलं नाही. तिने मावशीला घट्ट धरलं. मावशी रडत नव्हती. “जिवंत,” एवढंच बोलीत पुन्हा पुन्हा म्हणत होती, आणि ठमीही तेच म्हणत होती, आणि या वेळी कुणी तिला उठवलं नाही.

मग मास्तर उठले. टेबलापाशी आले, कोटाची बटणं लावली, माइकसमोर उभे राहिले. त्यांना सरकारी भाषा उत्तम येत होती, वकिलापेक्षाही शुद्ध.

“माझी मुलगी,” ते त्या भाषेत म्हणाले. “त्याच रात्री नेलेली. एकोणीस वर्षांची होती. मीही तुमचाच नागरिक आहे, असं लिहून घ्या. लिहिलंत? आता सांगा.”

वकिलाने मागे पाहिलं. अधिकारी मांडीवरच्या टोपीकडे बघत होता. वकील थांबला, सगळे थांबले, तरी अधिकाऱ्याने मान काही वर केली नाही.

मावशीने हात लांबवून मास्तरांची बाही धरली आणि त्यांना आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं.